भाव पडलेला दिसतो, वाटा पातळ झालेला दिसत नाही

सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो आणि आमच्या शेजारचे काका फोन घेऊन ओट्यावर येऊन बसतात. कोळसा खाणीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. हाती आलेल्या पैशातून त्यांनी एका छोट्या कंपनीचे १२०० शेअर सरासरी ६८ रुपयांनी घेतले होते. मागच्या महिन्यात भाव १९ वर होता. स्क्रीनवर विकणाऱ्यांची रांग लाखाच्या घरात आणि घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. याला लोअर सर्किट म्हणतात. एका दिवसात भाव किती पडू शकतो याची मर्यादा एक्स्चेंजने, म्हणजे शेअर बाजार चालवणाऱ्या संस्थेने, ठरवलेली असते. ती गाठली की त्याखाली सौदा होत नाही, आणि त्या भावाला कोणी घेणाराच नसेल तर विकायचं म्हटलं तरी विकता येत नाही.

काकांनी मला विचारलं, "भाऊ, कंपनी म्हणते नफा होऊन राह्यला, ऑर्डरी येऊन राह्यल्या. मंग भाव काऊन पडून राह्यला?"

मी नागपुरात धरमपेठेत लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो. हा प्रश्न गेल्या वर्ष-दीड वर्षात किती जणांनी विचारला याची गणती नाही. देशात मार्च २०२० मध्ये साधारण ४ कोटी डिमॅट खाती (शेअर ठेवायची खाती) होती, मार्च २०२४ पर्यंत ती १५ कोटींवर गेली. म्हणजे बहुतेकांनी आयुष्यातला पहिला शेअर याच काळात घेतला. भाव कसा बघायचा हे त्यांना मोबाइलने शिकवलं. कंपनी पैसा कसा उभा करते आणि त्यात आपलं काय होतं, हे कोणी सांगितलं नाही. म्हणून हा लेख.

शेअर म्हणजे बागेतला वाटा

समजा दहा जणांनी मिळून काटोलकडे संत्र्याची बाग घेतली. प्रत्येकाचा एक वाटा. आंबिया आणि मृग असे दोन्ही बहार धरून खर्च वजा जाता वर्षाला १० लाख हाती येतात, प्रत्येकाला एक लाख. बाग बघायला त्यांच्यातलाच एक जण आहे. कंपनीच्या भाषेत तो प्रमोटर, म्हणजे कंपनी उभी करणारा आणि तिची सूत्रं हाती असलेला.

एक दिवस तो म्हणतो, विहीर आटली, बोअर मारावी लागेल, ठिबक टाकावं लागेल, पैसा पाहिजे. आता तीन मार्ग आहेत. कर्ज काढायचं. किंवा दहाही जणांनी आपापल्या वाट्याप्रमाणे पैसे घालायचे, याला बाजारात राइट्स इश्यू म्हणतात. किंवा नवीन भागीदार आणून त्याला नवे वाटे द्यायचे. ठरावीक लोकांनाच असे नवे शेअर दिले की तो प्रेफरन्शियल इश्यू.

समजा प्रमोटरने तिसरा मार्ग धरला आणि आपल्या साळ्याला पाच नवे वाटे दिले. आता वाटे पंधरा झाले. बाग तीच, झाडं तीच, उत्पन्न १० लाखच. तुमच्या हाती एक लाखाऐवजी ६६ हजार ६६६ रुपये येतील. तुम्ही काही विकलं नाही, झाडाला कीड लागली नाही, तरी तुमचा एक-तृतीयांश गेला. वरणात पाणी वाढवावं तसा तुमचा वाटा पातळ झाला.

नवा भागीदार आणणं वाईटच असतं, असं मात्र नाही. बोअरला पाणी लागलं आणि उत्पन्न १८ लाखांवर गेलं तर पंधरा वाट्यांतही तुम्हाला १ लाख २० हजार मिळतील. पैसा उभारणी चांगली की वाईट हे तीन गोष्टींवर ठरतं. नवे वाटे कोणाला दिले, काय भावाने दिले, आणि आलेला पैसा खरंच बोअरमध्ये गेला का.

काकांच्या वहीत नसलेला रकाना

काका जुन्या वळणाचे. लाल कापडी बांधणीच्या वहीत रोज तारीख, भाव आणि स्वतःच्या शेअरची एकूण किंमत लिहितात. तीन वर्षांची पानं भरली आहेत. त्या वहीत एकच रकाना नव्हता: कंपनीचे एकूण शेअर किती.

आम्ही दोघांनी बसून तो भरला. ही माहिती फुकट मिळते. प्रत्येक सूचिबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीला तिमाही संपल्यावर २१ दिवसांच्या आत भागधारणेचा तक्ता एक्स्चेंजला द्यावा लागतो, आणि तो बीएसई किंवा एनएसईच्या वेबसाइटवर कंपनीच्या नावापुढे दिसतो. काकांनी शेअर घेतले तेव्हा एकूण शेअर होते ८ कोटींच्या आसपास. आता २१ कोटी. नफा मात्र जवळजवळ होता तिथेच.

याचा अर्थ कंपनीच्या कमाईत काकांचा जो एक रुपया होता तो ३८ पैशांवर आला. बाजाराने कंपनीवर कितीही भरवसा ठेवला असता, तरी त्यांच्या शेअरला पूर्वीचा भाव टिकवणं अवघड होतं. कंपनी दर तिमाहीला "नफा कायम" असं सांगत होती आणि ते खोटं नव्हतं. काकांनी प्रतिशेअर नफा विचारायला हवा होता. एकूण नफ्याला एकूण शेअरने भागलं की तो येतो, आणि निकालाच्या तक्त्यात अगदी तळाशी ईपीएस या नावाने छापलेला असतो. काका वरची ओळ वाचून वही मिटायचे.

वॉरंट म्हणजे इसार

त्या १३ कोटी नव्या शेअरपैकी बरेचसे वॉरंटमधून आले होते. हा शब्द ऐकून लोक दचकतात, पण जमिनीचा सौदा ज्याने केला आहे त्याला तो लगेच कळेल. वॉरंट म्हणजे शेअरचा इसार. आज भाव ठरवायचा, २५ टक्के रक्कम द्यायची, आणि उरलेले ७५ टक्के भरून शेअर घ्यायला १८ महिन्यांची मुदत मिळवायची. मुदतीत पैसे भरले नाहीत तर इसार बुडाला.

समजा ठरलेला भाव ४० रुपये. वॉरंट घेणाऱ्याने १० रुपये दिले. वर्षभरात भाव ७० झाला तर तो उरलेले ३० देतो आणि ७० चा शेअर ४० ला घेतो. भाव १२ वर आला तर तो १० रुपयांवर पाणी सोडतो आणि निघून जातो. तुम्ही मात्र त्याच दिवशी बाजारातून शेअर ४० ला घेतलेला असतो, तुमचे २८ जातात. वर जाताना तो तुमच्याबरोबर, खाली येताना तो आधीच्याच थांब्यावर उतरलेला.

यावर हमखास प्रश्न येतो: सेबीने, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, किमान भाव ठरवून दिलाय ना? हो, दिलाय. नियमित सौदे होणाऱ्या शेअरसाठी मागच्या ९० आणि मागच्या १० व्यवहार-दिवसांच्या सरासरी भावांपैकी जो जास्त, त्याखाली वाटप करता येत नाही. हे दिवस मोजायची तारीख भागधारकांच्या सभेच्या ३० दिवस आधीची असते. नियम चांगला आहे. पण तो एका दिवशीचा भाव बांधतो, आणि वॉरंटवाल्याला तोच भाव पुढचे १८ महिने हाती धरून ठेवता येतो. ज्या शेअरमध्ये दिवसाला थोडेच सौदे होतात तिथे त्या सरासरीवरही मोजक्या लोकांचा हात चालू शकतो.

दुसरी गोष्ट विक्रीबंदीची. प्रमोटरच्या बाहेरच्या माणसाला असे शेअर साधारण सहा महिने विकता येत नाहीत, त्याला लॉक-इन म्हणतात. ते सहा महिने संपले की स्वस्तात घेतलेला माल बाजारात यायला मोकळा. काकांच्या वहीत दोन मोठ्या पडझडी आहेत. तारखा जुळवून बघितल्या, तर दोन्ही लॉक-इन सुटल्यानंतरच्या आठवड्यांतल्या. तेवढ्यावरून कोणावर आरोप करता येत नाही. पण ती तारीख आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवता आली असती, आणि आम्ही कोणीच ती लिहिली नव्हती याची मला खंत आहे.

पैसा आला, मग गेला कुठे?

जेनसोल इंजिनीअरिंग या सौरऊर्जा आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या धंद्यातल्या कंपनीचं प्रकरण १५ एप्रिल २०२५ च्या सेबीच्या अंतरिम आदेशाने उघड्यावर आलं. कंपनीने दोन सरकारी वित्तसंस्थांकडून ९७७ कोटींचं कर्ज घेतलं होतं. त्यातले सुमारे ६६४ कोटी ६,४०० इलेक्ट्रिक गाड्यांसाठी होते. कंपनीने पदरचे २० टक्के घालायचे होते, म्हणजे गाड्यांवर साधारण ८३० कोटी लागायला हवे होते. प्रत्यक्षात घेतल्या ४,७०४ गाड्या, सुमारे ५६८ कोटींच्या. उरलेल्या २६२ कोटींचा हिशेब लागत नव्हता. काही पैसा फिरून फिरून गुरुग्रामच्या एका महागड्या संकुलातल्या फ्लॅटपर्यंत पोचला, असं सेबीने आदेशात नोंदवलं. एक्स्चेंजचा अधिकारी पुण्याजवळ चाकणला कंपनीचा गाड्यांचा कारखाना बघायला गेला तेव्हा तिथे दोन-तीन मजूर होते आणि काम काही चाललेलं नव्हतं.

याच आदेशातले दोन आकडे मला फार बोचतात. काही वर्षांत प्रमोटरांचा हिस्सा ७० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आला. आणि सामान्य भागधारकांची संख्या दीडशेच्या आसपास होती ती एक लाखावर गेली. ज्यांना आतलं ठाऊक होतं त्यांचा वाटा कमी होत होता आणि काकांसारखे लोक आत येत होते. शेअर अकराशेच्या वरून दीडशेच्या खाली आला. पडझड सुरू असतानाच कंपनीने एकाचे दहा शेअर करायची घोषणा केली होती. पोळीचे चार तुकडे केले तरी पोळी एकच राहते, तरी अशा घोषणेने नवीन लोक ओढले जातात. सेबीने ते विभाजन थांबवलं.

कागदावर आहे आणि हाती नाही, हे नागपूरला नवं नाही. २००२ मध्ये आपल्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या पैशातून खाजगी दलालांमार्फत सरकारी रोखे घेतल्याची नोंद होती, रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत. सुमारे दीडशे कोटी अडकले. न्यायालयाचा दोषसिद्धीचा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये आला, म्हणजे एकवीस वर्षांनी. ठेवी अडकलेल्यांपैकी कित्येक शेतकरी होते.

मग सामान्य माणसाने कुठे बघायचं? वार्षिक अहवालात तीन ठिकाणी. एक, संबंधित पक्षांशी व्यवहार: प्रमोटरच्या इतर कंपन्या, नातेवाईक, भागीदाऱ्या यांना दिलेलं कर्ज आणि आगाऊ रक्कम. दोन, रोख प्रवाहाचं पत्रक. नफा वर्षानुवर्षं दिसतो पण धंद्यातून रोकड येत नाही, तर तो नफा उधारीच्या वहीतच आहे. तीन, एकीकडे बँकेत भरपूर शिल्लक आणि दुसरीकडे नवं कर्ज. घरात लाख रुपये असताना कोणी व्याजाने पैसे काढत नाही.

प्रमोटरने शेअर गहाण ठेवले तर?

यात फार खोल जायची गरज नाही, सोनं गहाण ठेवण्यासारखंच आहे. भाव उतरला की सावकार आणखी तारण मागतो. ते दिलं नाही तर तो गहाण शेअर बाजारात विकतो, त्याने भाव आणखी उतरतो. गहाण किती हे भागधारणेच्या त्याच तिमाही तक्त्यात असतं. ही माहिती उघड करणं सेबीने जानेवारी २००९ मध्ये सक्तीचं केलं, सत्यम या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचा घोटाळा उघड झाल्यावर. प्रमोटरच्या हिश्शापैकी निम्म्याहून जास्त गहाण दिसलं तर मी स्वतः त्या शेअरच्या वाटेला जात नाही.

"ऑडिटरने सही केली आहे ना?"

सत्यमच्या ताळेबंदावरही सही होती. ७ जानेवारी २००९ ला कंपनीच्या अध्यक्षाने स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. त्या एका दिवसात शेअरची तीन-चतुर्थांशाहून जास्त किंमत गेली. ऑडिटरची सही महत्त्वाची आहे, पण सहीच्या वरचा मजकूर वाचा. "मत राखून" असे शब्द आहेत का? आणि ऑडिटर मुदतीच्या आधी राजीनामा देऊन गेला असेल तर त्याचं कारण एक्स्चेंजवर वाचल्याशिवाय झोपू नका.

"बाजारच पडलाय, त्याला कंपनी काय करणार?"

खरं आहे, असंही होतं. निफ्टी, म्हणजे ५० मोठ्या कंपन्यांच्या भावांचा निर्देशांक, सप्टेंबर २०२४ मध्ये २६,२७७ पर्यंत गेला आणि मार्च २०२५ च्या सुरुवातीला २२ हजारांच्या आसपास आला. चांगल्या चांगल्या कंपन्यांचे भाव त्यात उतरले. भाव पडला म्हणजे कोणीतरी चोरी केली, असं समजणं कंपनीवरही अन्याय आणि स्वतःवरही. तपासायला सोपं आहे. त्याच धंद्यातल्या दुसऱ्या दोन कंपन्या तेवढ्याच पडल्या का? तुमच्या कंपनीचे एकूण शेअर तेवढेच आहेत का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर ते बाजाराचं वारं. काकांच्या कंपनीच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर नाही असं आलं.

"माझ्या १२०० शेअरने काय होणार?"

काकांनी हे विचारलं तेव्हा मी कागदावर गणित मांडलं. तेच इथे मांडतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

प्रेफरन्शियल इश्यू किंवा वॉरंट द्यायला भागधारकांचा विशेष ठराव लागतो. बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट पाहिजेत. गणती फक्त टाकलेल्या मतांची होते, एकूण शेअरची नाही. समजा प्रमोटरकडे १०० पैकी ४५ मतं आहेत आणि बाकी ५५ लोकांकडे. लोकांपैकी १० नी विरोध केला आणि बाकीचे झोपले, तर ४५ विरुद्ध १०, ठराव मंजूर. १५ नी विरोध केला तरी ४५ बरोबर तिप्पट, मंजूर. सोळावं मत विरोधात पडलं की ४८ लागतात आणि ते प्रमोटरकडे नाहीत. ठराव पडला. म्हणजे लोकांच्या ५५ मतांपैकी १६ पुरे. उरलेली ३९ मतं घरी बसली तरी चालतं.

प्रमोटरच्या दुसऱ्या कंपनीशी ठरावीक मर्यादेपलीकडचा व्यवहार करायचा असेल तर त्याहून बरं आहे. तिथे संबंधित पक्षांना ठरावाच्या बाजूने मत देताच येत नाही.

आवाज उठवला की फरक पडतो याचं उदाहरणही सत्यमचंच आहे. १६ डिसेंबर २००८ ला संचालक मंडळाने प्रमोटर कुटुंबाच्या दोन मायटास कंपन्या १६० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. गुंतवणूकदार एवढे खवळले की काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. त्यात मोठ्या संस्थांचा जोर जास्त होता, हे मान्य. पण आज मत देणं त्यांच्याइतकंच आपल्यालाही सोपं आहे. डिमॅट खाती सांभाळणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएल या संस्थांच्या वेबसाइटवर घरबसल्या होतं. टपाली मतदानाला ३० दिवस मिळतात, सभेआधीच्या ई-मतदानाला निदान तीन. सूचना ई-मेलवर येते. काकांच्या मेलमध्ये अशा सात सूचना न उघडलेल्या पडल्या होत्या, वॉरंटच्या दोन्ही ठरावांच्या सुद्धा.

आधीच अडकलोय, आता?

पहिलं म्हणजे, फक्त भाव खाली आला म्हणून आणखी घेऊन सरासरी कमी करू नका. नवे शेअर कोणाला दिले, काय भावाने दिले आणि पैसा कुठे गेला, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत एक रुपयाही घालू नका.

तक्रार असेल तर आधी कंपनीच्या सेक्रेटरीला लेखी मेल करा, मग सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर टाका. कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. समाधान झालं नाही तर पुढे स्मार्ट ओडीआर ही ऑनलाइन तडजोड आणि लवादाची सोय आहे. पण स्कोअर्सवर पडलेल्या भावाची भरपाई मिळत नाही. माहिती दडवली, लाभांश दिला नाही, नियम मोडला, अशा नेमक्या मुद्द्यावर लिहिलं तरच उपयोग. गैरकारभाराविरुद्ध सामूहिक दावा करायचा तर कंपनी कायद्याच्या कलम २४५ प्रमाणे १०० भागधारक एकत्र आले तरी पुरतं. दावा राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात चालतो आणि महाराष्ट्रातल्या कंपनीसाठी ते मुंबईत आहे. खर्च आणि वेळ दोन्हीची तयारी ठेवावी लागते.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर शेअरधारकाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीला नवा मालक मिळाला, ३४ हजार कोटींवर व्यवहार झाला, आणि जुने शेअर जून २०२१ मध्ये बाजारातून हटवले गेले ते शून्य मोबदल्यावर. "कंपनी कोणीतरी विकत घेणार आहे" या अफवेवर बसून राहिलेल्यांचं त्यात सगळं गेलं.

आणि माझ्या कामातली एक गोष्ट: तोट्यात विकलंत तर तो तोटा विवरणपत्रात जरूर दाखवा आणि मुदतीच्या आत भरा. भांडवली तोटा पुढची आठ वर्षं भांडवली नफ्यातून वजा करता येतो. उशिरा भरलं तर हा हक्क जातो.

काकांनी निम्मे शेअर लोअर सर्किट सुटलं त्या दिवशी विकले. निम्मे ठेवले आहेत, कारण मत द्यायला भागधारक असावं लागतं असं त्यांचं म्हणणं. मागच्या आठवड्यात तिसऱ्या वॉरंट ठरावाची सूचना आली. माझ्या टेबलावर बसून त्यांनी ती पूर्ण वाचली, पैसा कशासाठी हवा या रकान्यात "सर्वसाधारण व्यवसाय गरजा" एवढंच लिहिलेलं मला बोटाने दाखवलं, ओटीपी टाकला आणि "विरोधात" वर टिचकी मारली. मग लाल वही उघडून नव्या रकान्यात तारीख लिहिली आणि मतदानाचा निकाल एक्स्चेंजवर कधी येतो ते विचारलं. मतदान संपल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत, मी सांगितलं. तेही त्यांनी लिहून घेतलं.